बीटा विंडोज: बदल कोणता, बिघाड कोणता, आणि ते ठरवायचं कोणत्या क्रमानं

बीटा विंडोज, म्हणजे अंतिम होण्याआधी चाचणीसाठी दिलेली विंडोज, टाकलेल्यांची तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते: "ओ, आधी असं नव्हतं की!" आधी नेमकं कसं होतं, असं विचारलं की समोरचा गप्प. उजव्या क्लिकचा मेनू वेगळा दिसतोय, प्रिंट जरा खाली सरकलीय, मराठी टाइप करताना जोडाक्षर फुटतंय. यातलं कंपनीनं मुद्दाम बदललेलं काय, बीटातला दोष काय आणि आपल्याच मशीनचं जुनं दुखणं काय, हे नंतर ठरवता येत नाही, कारण जुन्या स्थितीची नोंदच कुणी ठेवलेली नसते. म्हणून खालच्या क्रमात बीटा टाकणं चौथ्या टप्प्यावर आहे. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि आधीचे तीन टप्पे राहून जातात.

उदाहरणं सोलापुरातल्या रोजच्या कामांची घेतली आहेत: डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवणं), चादर-टॉवेल आणि गणवेशाचा धंदा, क्लासेस.

टप्पा १: मशीन, चॅनेल आणि तारीख ठरवा

बिलिंगचं मशीन बीटासाठी वापरायचं नाही. टॅली, डिजिटल सहीचं टोकन, बारकोड प्रिंटर, डोंगल (परवान्याची यूएसबी चावी) लावून चालणारं जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर यांपैकी एकही गोष्ट ज्या मशीनवर आहे ते मशीन सोडा. डोंगल आणि टोकन ड्रायव्हरवर, म्हणजे ती वस्तू विंडोजशी जोडून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, चालतात आणि बीटात अडचण येते ती बऱ्याचदा ड्रायव्हरलाच. दुकानात एकच कॉम्प्युटर असेल तर बीटा टाकूच नका.

दुसरं मशीन नसेल आणि नुसतं "नवीन काय आलंय" बघायचं असेल, तर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे चालू विंडोजच्या आत प्रोग्रामसारखा चालणारा दुसरा कॉम्प्युटर, पुरेसं आहे. व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतं. मात्र ८ जीबी रॅमवर दोन विंडोज एकदम चालवली की दोन्ही रडतात. १६ जीबी असेल तर बरं. शिवाय प्रिंटर, ग्राफिक्स, बॅटरी, झोपून उठणं म्हणजे स्लीप, यांतले खरे दोष व्हर्च्युअल मशीनमध्ये दिसत नाहीत. तिथं मेनू, सेटिंग, फॉन्ट, कीबोर्ड एवढंच तपासा.

बीटा मिळते ती मायक्रोसॉफ्टच्या विंडोज इन्सायडर या चाचणी कार्यक्रमातून. त्यात २०२३ पासून चार पातळ्या, म्हणजे चॅनेल, आल्या: कॅनरी, डेव्ह, बीटा आणि रिलीज प्रिव्ह्यू. कॅनरी सगळ्यात कच्ची, रिलीज प्रिव्ह्यू सगळ्यात पिकलेली. पहिल्यांदा करणाऱ्यानं रिलीज प्रिव्ह्यू किंवा बीटा निवडावी. कॅनरीत गेलेलं मशीन जास्त पिकलेल्या पातळीवर आणायला सगळं पुसून नव्यानं विंडोज टाकावं लागतं, आणि हे लोकांना टाकल्यावर कळतं.

तारखेचंही तसंच. हिशोबाचं थोडंफार कामही त्या मशीनवर होत असेल तर महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची रिटर्न भरायचे दिवस, टाळा. गणवेशवाल्यांनी मे-जून टाळावा, पत्रिका छापणाऱ्यांनी लग्नसराई.

सावधान: विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. जुन्या मशीनवर या अटी चुकवून आधी विंडोज आणि वर बीटा असं करू नका. पुढे काही बिघडलं तर कारण कोणतं ते कधीच सापडणार नाही.

टप्पा २: बॅकअप घ्या, आणि तो उघडून बघा

वनड्राइव्हवर फाइल आहेत म्हणजे बॅकअप आहे, हा समज सोडा. ती सिंक आहे. इकडची फाइल बिघडली की तिकडची प्रतही बिघडते. वेगळी हार्डडिस्क लागेलच.

१. कामाच्या फाइल कॉपी करा. डेस्कटॉपवर पडलेलं सगळंही घ्या. अर्धा धंदा तिथंच असतो.

२. जुने, युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट (इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेले) वापरत असाल तर त्या फॉन्टच्या फाइल वेगळ्या ठेवा. फॉन्ट गेला की जुन्या पत्रिकेच्या फाइलमध्ये नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

३. बिटलॉकर म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. तिची रिकव्हरी की काढून कागदावर लिहा. ती ४८ अंकी असते. नव्या लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन पुष्कळदा आपोआप चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. अपडेटनंतर निळ्या पडद्यावर कीची मागणी आली आणि ती मायक्रोसॉफ्टच्या कुठल्या खात्यात आहे हेच आठवेना, तर डेटा गेल्यातच जमा.

४. सध्याच्या स्थिर विंडोजचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह बनवा. किमान ८ जीबीचा लागतो. आत्ताच बनवा, मशीन बंद पडल्यावर तो बनवायला शेजाऱ्याकडे जावं लागतं.

तपासणी: हार्डडिस्क दुसऱ्या मशीनला लावा आणि निरनिराळ्या फोल्डरांतल्या काही फाइल खरोखर उघडा. नुसतं "कॉपी झालं" दिसणं पुरेसं नाही. मग डिस्क काढून कपाटात ठेवा. इन्स्टॉल चालू असताना ती मशीनला लावलेली नको.

टप्पा ३: आधीच्या स्थितीची नोंद करा

घाई करायचीच असेल तर दुसरीकडे करा, इथं नको.

आधी स्थिर विंडोजचे बाकी असलेले सगळे अपडेट घेऊन मशीन रिस्टार्ट करा. काही दिवस त्यावर नेहमीचं काम करा आणि मगच नोंद काढा. तसं केलं नाही तर साध्या अपडेटमुळे झालेला बदलही बीटाच्या नावावर जमा होतो.

मराठी मजकूर. वर्डमध्ये हे वाक्य टाइप करा, कॉपी-पेस्ट नको:

दुसऱ्या ॲपवरून श्री. त्र्यंबक यांनी वऱ्हाडासाठी सोलापुरी चादरी, ट्रकभर टॉवेल आणि शुद्ध सूत सकाळीच मागवलं.

वाक्यात अर्थ शोधू नका, अक्षरं बघा. "दुसऱ्या" आणि "वऱ्हाड" मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र फुटला की रफार होतो किंवा मध्येच पाय मोडलेला ऱ् दिसतो. जुन्या फॉन्टमध्ये "ॲ" च्या जागी चौकोन येतो. "त्र्यं", "ट्र", "द्ध" ही जोडाक्षरं फॉन्ट बदलला की लगेच चाल बदलतात. हेच वाक्य नोटपॅडमध्ये, ब्राउझरमध्ये आणि फाइलच्या नावातही टाका. तिन्हीकडे अक्षरं जुळवणारी यंत्रणा एकच असेल असं नाही, त्यामुळे दोष एकीकडे दिसतो आणि दुसरीकडे दिसत नाही. "ॲ" हे एक अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि अ वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखंच, पण शोध घेताना कॉम्प्युटरला ती दोन वेगळी अक्षरं. फाइल सापडत नाही म्हणून बीटाला शिव्या देण्याआधी हे तपासा.

सोलापुरात एकाच पत्रिकेत मराठी, कन्नड आणि तेलुगू येतं. त्या दोन भाषांतली आपल्या जुन्या कामातली एकेक ओळ याच फाइलमध्ये ठेवा. त्यांची जोडाक्षरं ओळीखाली लटकतात. ओळींतलं अंतर किंवा फॉन्टची मापं जरा बदलली की खालचा भाग कापला जातो आणि छापून आल्याशिवाय लक्षात येत नाही.

कीबोर्ड. विंडोज की आणि स्पेसबार दाबून येणारी कीबोर्डांची यादी, तिच्या क्रमासकट, लिहून ठेवा. मराठी फोनेटिक आहे की इनस्क्रिप्ट, इंग्रजी भारत आहे की अमेरिका, सगळं. मोठ्या अपडेटनंतर यादीत एखादा आगंतुक कीबोर्ड घुसलेला सापडतो. इंग्रजी भारत कीबोर्डवर उजवी आल्ट आणि ४ दाबलं की ₹ उमटतो. तो उमटेनासा झाला तर बहुधा कीबोर्ड बदललाय, बाकी काही बिघडलेलं नाही.

आकडे आणि तारीख. एक्सेलमध्ये एक लाख लिहा. स्वल्पविराम १,००,००० असा पडतो की १००,००० असा, ते बघा. तारीख आधी की महिना आधी, तेही. यांचा स्क्रीनशॉट हवाच.

प्रिंट. वरची फाइल छापा आणि कागदावर पट्टी ठेवून वरचा व डावा समास मिलिमीटरमध्ये लिहा. डॉट मॅट्रिक्सवर छापील बिलबुक चालवत असाल तर एक कोरं बिल खर्च करा. एका ओळीनं सरकलं तरी जीएसटीचा आकडा भलत्याच रकान्यात जातो. बारकोडचं लेबल नुसतं छापून ठेवू नका, स्कॅनरनं वाचूनही बघा.

वेग. रिस्टार्टपासून डेस्कटॉप वापरता येईपर्यंतचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. दोन-तीनदा, आणि शेजारी दिवसाची वेळ लिहा. हे सोलापूरसाठी महत्त्वाचं आहे. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ अंश असताना पत्र्याखालच्या ऑफिसात लॅपटॉप तापतो आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. सकाळी आठची नोंद आणि दुपारी तीनचं बीटा यांची तुलना केली तर बीटा हरणारच.

तपासणी: छापलेले कागद, स्क्रीनशॉट आणि हातानं लिहिलेलं पान एकत्र आहे का? स्क्रीनशॉट त्याच मशीनवर पडले असतील तर ते आधी बाहेर काढा.

टप्पा ४: आता टाका

१. मोकळी जागा ४० जीबी तरी करा.

२. माउस, कीबोर्ड, मॉनिटर सोडून बाकीच्या यूएसबी वस्तू काढा.

३. विजेचं बघा. लॅपटॉप चार्जरवर ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस हवा. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते पाहा, नाहीतर वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर बदल होईतो मशीन रिस्टार्ट होतं. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी सुरुवात करू नका.

४. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर थांबा. बिल्ड, म्हणजे चाचणीसाठी आलेली विंडोजची एकेक प्रत, काही जीबींची असते आणि दिवसाचा डेटा मध्येच संपतो.

५. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, तिथं विंडोज इन्सायडर प्रोग्राम. ऐच्छिक निदान माहिती पाठवण्याची परवानगी दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती द्यायची नसेल तर हा मार्ग तुमचा नाही.

६. पातळी निवडा, रिस्टार्ट करा, अपडेट शोधा. टक्का अडकलेला दिसला तरी बटण दाबून मशीन बंद करू नका. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे.

तपासणी: विंडोज की आणि आर दाबून "विनव्हर" चालवा. आलेला बिल्ड क्रमांक, बिंदूनंतरच्या आकड्यांसकट, नोंदीच्या पानावर आजच्या तारखेसमोर लिहा.

सावधान: जुन्या विंडोजवर परतायला साधारण १० दिवस मिळतात, हे पुष्कळांना माहीत असतं. त्यातली मेख माहीत नसते. त्या दहा दिवसांत दुसरी पूर्ण बीटा बिल्ड आली, तर "गो बॅक" तुम्हाला आधीच्या बीटावर नेतं, स्थिर विंडोजवर नाही. काही बिल्ड लहान अपडेट म्हणून येतात आणि त्यांना "गो बॅक" नसतंच. ती अपडेट हिस्टरीतून काढावी लागतात. त्यामुळे पहिली बिल्ड बसली की अपडेट आठवडाभर थांबवा आणि त्या आठवड्यात तपासणी उरका. या काळात डिस्क क्लीनअप चालवून "जुनी विंडोज फाइल" उडवायच्या नाहीत. जागा मोकळी होते, परतीचा रस्ता बंद होतो.

उबुंटू (लिनक्स) वाल्यांचं काम सोपं आहे. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आवृत्तीआधी काही आठवडे बीटा येतं. ते पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता चालवून बघता येतं. बीटा बसवलंच तर नेहमीचे अपडेट घेत राहिल्यावर त्याचीच अंतिम आवृत्ती होते. मॅकवर बीटासाठी त्याच डिस्कवर वेगळा एपीएफएस व्हॉल्यूम (डिस्कचा स्वतंत्र कप्पा) करा आणि मुख्य व्हॉल्यूमला हात लावू नका, कारण तिथून मागं यायचं म्हणजे पुसूनच यावं लागतं.

टप्पा ५: बदल आहे की बिघाड?

आता तिसऱ्या टप्प्याची प्रत्येक कृती त्याच क्रमानं पुन्हा करा आणि कागद शेजारी ठेवून बघा. फरक दिसला की लगेच "बग" म्हणू नका. आधी त्या बिल्डसोबत मायक्रोसॉफ्टनं दिलेल्या नोंदी वाचा. त्यात नवीन बदल वेगळे असतात, दुरुस्त्या वेगळ्या आणि माहीत असलेल्या त्रुटी वेगळ्या.

जून २०२५ मध्ये विंडोज ११ च्या काही इन्सायडर बिल्ड सुरू होताना जुन्या विंडोज व्हिस्टाचा सूर वाजवू लागल्या. कुणाला वाटलं व्हायरस, कुणाला वाटलं मुद्दाम केलेली गंमत. तो दोष होता आणि माहीत असलेल्या त्रुटींत तसं लिहिलेलंही होतं. उलट उदाहरण उजव्या क्लिकच्या मेनूचं. विंडोज ११ मध्ये कट, कॉपी, पेस्टची नुसती चित्रं होती. २४एच२ मध्ये, म्हणजे विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीत, त्यांच्याखाली नावं आली. मेनू उंच झाला म्हणून तक्रार करणारे होते, पण तो ठरवून केलेला बदल.

हमखास घाबरवणाऱ्या आणखी काही गोष्टी. डेस्कटॉपच्या उजव्या कोपऱ्यात "इव्हॅल्युएशन कॉपी" अशी अक्षरं दिसली म्हणजे तुमची विंडोज चोरीची ठरलेली नाही. ती चाचणीच्या बिल्डची खूण आहे. मशीन कोसळलं आणि पडदा निळ्या किंवा काळ्याऐवजी हिरवा आला, तर तोही इन्सायडर बिल्डचाच रंग. कोसळण्याचं कारण मात्र शोधायचं. आणि शेजारच्या टेबलावर त्याच बिल्ड क्रमांकाच्या मशीनवर एखादी सोय दिसते, तुमच्याकडे नाही, तर तेही बिघडलेलं नसतं. नव्या सोयी टप्प्याटप्प्यानं, थोड्या थोड्या मशीनवर चालू केल्या जातात. विंडोज अपडेटमध्ये "अपडेट उपलब्ध होताच मिळावेत" हे बटण चालू असेल तर पाळी लवकर येते.

टप्पा ६: दोष एकटा पाडा

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ड्रायव्हरही टाकला, फॉन्टही बदलला, अँटिव्हायरसही काढला आणि दोष गेला, तर तुम्हाला काहीच कळलं नाही.

१. रिस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुन्हा तसाच उचलला जातो. दोषही त्याच्यासोबत येतो. रिस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं.

२. दोष मुद्दाम घडवून बघा. दर वेळी होतो, अधूनमधून होतो, की झोपेतून उठल्यावरच होतो?

३. मशीनवर नवं यूजर खातं काढून तिथं तेच करा. तिथं दोष नसेल तर तुमच्या खात्यातली एखादी सेटिंग कारणीभूत आहे.

४. सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, बघा. तिथं नाहीसा झाला तर संशय ड्रायव्हरवर किंवा आपोआप सुरू होणाऱ्या एखाद्या प्रोग्रामवर.

५. मराठी अक्षरांचा दोष असेल तर तोच मजकूर निर्मला यूआय आणि मंगल या दोन फॉन्टमध्ये बघा. एकात फुटतो आणि दुसऱ्यात नाही, तर गोष्ट फॉन्टची. दोन्हींत फुटतो पण एकाच प्रोग्राममध्ये, तर त्या प्रोग्रामची. सगळीकडे फुटतो, तर विंडोजची.

डीटीपीवाले या पाचव्या पायरीवर बऱ्याचदा चुकतात. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेली फाइल उघडून "बीटानं मराठी बिघडवलं" म्हणतात. तिथं कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेले असतात. ती चाचणी फॉन्ट बसलाय की नाही याची झाली, विंडोजच्या मराठीची नाही.

टप्पा ७: कळवा, पण वाचणाऱ्याला उपयोग होईल असं

विंडोज की आणि एफ दाबल्यावर फीडबॅक हब, म्हणजे मायक्रोसॉफ्टला दोष कळवायचं ॲप, उघडतं आणि त्या क्षणाच्या पडद्याचं चित्र स्वतःच जोडायला घेतं. पाठवण्याआधी ते चित्र नीट बघा. गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर, जीएसटी क्रमांक, बँकेचा आकडा दिसत असेल तर ते काढून टाका आणि कोऱ्या फाइलवर दोष पुन्हा घडवून नवं चित्र घ्या.

आधी तीच तक्रार कुणी केली आहे का ते शोधा. असेल तर तिलाच दुजोरा द्या. वेगवेगळ्या शब्दांत आलेल्या तक्रारी विखुरतात, एकाच तक्रारीवरचा दुजोरा मात्र मोजला जातो. नसेल तर नवी लिहा, एका तक्रारीत एकच दोष.

"मराठी नीट चालत नाही" या शीर्षकाचं कुणीही काही करू शकत नाही. हे चालेल: "मराठी फोनेटिक कीबोर्ड: नोटपॅडमध्ये 'दुसऱ्या' लिहिल्यावर अर्धा र तुटतो, वर्डमध्ये बरोबर येतो." खाली क्रमानं पायऱ्या, काय यायला हवं होतं, काय आलं, बिल्ड क्रमांक, आधीच्या बिल्डवर नीट होतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या तिसऱ्या टप्प्याच्या कागदावर आहे. वर्णन सोप्या इंग्रजीत लिहा, कारण वाचणारा मराठी जाणणारा असेलच असं नाही. पण नमुन्याचा शब्द देवनागरीतच ठेवा आणि बरोबर व चूक, दोन्हींची चित्रं जोडा. दोष पुन्हा घडवून रेकॉर्ड करण्याची सोय तिथंच आहे, ती वापरा.

टप्पा ८: बाहेर पडणं

दहा दिवसांच्या आत असाल आणि मधे दुसरी पूर्ण बिल्ड आली नसेल, तर सेटिंग्जमध्ये सिस्टीम, रिकव्हरी, गो बॅक. बीटा किंवा रिलीज प्रिव्ह्यूमध्ये असाल आणि घाई नसेल, तर इन्सायडरच्या पानावर "पुढची आवृत्ती आल्यावर या मशीनची नोंदणी थांबवा" असं बटण आहे. ते चालू करून ठेवा, अंतिम आवृत्ती आली की काही न पुसता बाहेर पडाल. तोवर अपडेट घेत राहा. चाचणीच्या बऱ्याच बिल्डना मुदत असते आणि ती संपू द्यायची नसते.

"रिसेट धिस पीसी" दाबून सुटका होईल असं समजू नका. त्यानं विंडोज नव्यानं बसते, पण जी मशीनवर आहे तीच, म्हणजे बीटाच.

बाकी सगळ्या बाबतीत दुसऱ्या टप्प्यातला पेनड्राइव्ह काढा. त्यावरून मशीन सुरू करा, डिस्कचे जुने विभाग (पार्टिशन) पुसून स्थिर विंडोज टाका. आधी होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो, तीच एडिशन निवडा. लायसन्स मशीनच्या हार्डवेअरशी जोडलेलं असेल तर इंटरनेट मिळताच ते आपोआप लागू होतं. एडिशन चुकली तर लागू होत नाही, आणि मग लोक नवी की विकत घ्यायला निघतात. आधी विंडोज अपडेट पूर्ण करा, मग प्रिंटरचे ड्रायव्हर, मग फॉन्ट, आणि शेवटी कपाटातली हार्डडिस्क लावून फाइल परत आणा.